पॅकिंगचा मांडव

मी एच.आर.मध्ये आहे. म्हणजे कंपनीत काहीही बिघडलं की ते माझं! कँटीनच्या डाळीत मीठ नाही, बोलवा संगीता मॅडमना. दोन फिटर एकमेकांशी बोलत नाहीत, बोलवा संगीता मॅडमना. संप झाला, पूर आला, नोटाबंदीत पगार वाटायची वेळ आली, सगळं मी निभावून नेलं. त्यामुळे २०१८च्या नोव्हेंबरात आमच्या डहाणू-तलासरीकडची जमीन हलायला लागली, तेव्हा मी भर मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगून टाकलं, "संकटात माणसं सांभाळायची हाच तर आपला धंदा! भूकंप माझ्यावर सोडा!"

आणि त्यांनी खरंच सोडला हो!

आमचा कारखाना तलासरीहून अच्छाडकडे जाताना हायवेलगत आहे. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवतो आम्ही. मशिनं नव्या शेडमध्ये असतात, तिथे फारशी कुरकुर नव्हती. पण पॅकिंगचा हॉल जुना. विटांच्या भिंती, वर पत्रे, आणि एका भिंतीला अशी चीर पडलेली, की माझं पेन टोपणासकट आत जायचं. तिथे आसपासच्या पाड्यांवरच्या चाळीसेक बायका बसून झाकणं भरायच्या. फेब्रुवारी उजाडेपर्यंत जमिनीतून गडगड आवाज येणं आणि पाठोपाठ धक्का बसणं इतकं नेहमीचं झालं, की एक दिवस त्या दारातच उभ्या राहिल्या आणि आत यायलाच तयार होईनात.

"मॅडम," पॅकिंगची लाइन लीडर तुळशी म्हणाली, "आम्ही घरात नाय झोपत. थंडीत पोरं घेऊन अंगणात झोपतो. आणि इथं तुमच्या पत्र्याखाली बसू?"

 माझं स्वतःचं टेबल मी केव्हाच दाराशी सरकवलं होतं. खुर्चीवर अर्धीच बसायचे, एक पाय बाहेर ठेवून.

तेवढ्यात अंधेरीहून पारनेरकर साहेबांचा फोन. हे सगळ्या युनिटांच्या एच.आर.चे मोठे साहेब. त्यांना भूकंप फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर माहीत.

"संगीता, ऑर्डर अडकलीय. सोमवारी मी स्वतः बघायला येतोय, तोपर्यंत पॅकिंग शंभर टक्के चालू पाहिजे. नाहीतर पॅकिंग वापीच्या युनिटला शिफ्ट. फायनल!"

"सर, वापी म्हणजे गुजरात. या बायकांना रोज जाऊन-येऊन कसं जमेल? पाड्यावर परतायला गाडी तरी..."

"मग त्यांना आत बसव ना! तू एच.आर. आहेस की पॅसेंजर असोसिएशन?"

मी तुळशीला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "माझ्या पोरीचं, रूपीचं लगीन अडकलंय मॅडम. पगारातून थोडंथोडं बाजूला काढतेय. काम गेलं तर ते पण गेलं." तिचा चेहरा बघवेना मला. मी उठले आणि म्हटलं, कुणीही कुठेही जाणार नाही, मी बघते काय करायचं ते! सवयच वाईट.

उपाय तसा सोपा होता. हॉलमध्ये बसायचं नाही ना? मग बाहेर बसा! कारखान्यापुढे एवढं मोठं पटांगण पडलंय. फक्त डोक्यावर सावली हवी. पण ताडपत्री आणायला गेले, तर तलासरीत नाही, डहाणूत नाही. सगळा मुलूख अंगणात झोपत होता, ताडपत्री उरणार कुठून? शेवटी मांडववाल्या सुनिलला फोन लावला.

"सुनिलभाऊ, मांडव पाहिजे. उद्या सकाळी."

"मिळेल की! किती माणसं?"

"चाळीस. बसून असतील, दिवसभर."

"बसून? मग नाच नाय काय?"

मी घाईत होते, म्हटलं नाच नाही, आणि फोन ठेवला. इथेच मी थांबून चार शब्द जास्त बोलायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी डहाणूहून येऊन बघते, तर पटांगणात लाल-पिवळा झालरीचा मांडव. पुढे कमान, कमानीला दोन थर्माकोलचे हत्ती. आत स्टेज आणि स्टेजवर सोनेरी सिंहासनं, नवरा-नवरीची!

"सुनिलभाऊ! हे काय आहे?"

"व्हीआयपी सेट, मॅडम! साधे मांडव सगळे पाड्यांवर झोपायला गेलेत. हा एकच उरला होता."

"निदान ते हत्ती तरी काढा!"

"हत्ती काढले तर कमान खाली येईल. कमान आली तर मांडव येईल. त्यांच्यावरच तर उभा हाय तो!"

असो. सावली तर होती! आणि गंमत म्हणजे त्या दिवशी झाडून सगळ्या बायका आल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पण त्या कमानीपाशी येऊन थबकल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. कँटीनमध्ये भांडी घासायला असणारी म्हातारी बुधीबाई पुढे झाली.

"लगीन कोणाचं?"

"कुणाचं नाही, बुधीबाई. इथे बसून झाकणं भरायची."

"लगनाच्या मांडवात झाकणं?"

"हा मांडव नाही असं समजा. ताडपत्री आहे असं समजा!"

"ताडपत्रीला हत्ती असतात?"

बायका फिस्सकन हसल्या, पण आत एकही आली नाही. बुधीबाई ही त्यांच्यातली धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. तिचा शब्द मोडायची माझी टाप नाही, तर त्यांची काय असणार! तिने सरळ सांगितलं की लग्नाचा मांडव पडला तर त्यात लगीन झालं पाहिजे. रिकामा मांडव उतरवायचा म्हणजे अपशकुन, आणि आधीच जमीन हलतेय, त्यात ही भर कशाला? मी पॉलिसी सांगितली, मी विनंती केली, मी थोडी ओरडलेसुद्धा. हत्तीसुद्धा माझ्याकडे बघत होते, पण बायका हलेनात.

तुळशीने मला बाजूला घेतलं. "मॅडम, एक काम करा. माझं नि लडक्याचं लगीन लावा."

लडक्या म्हणजे आमच्या लोडिंगचा माणूस. तुळशीचा नवरा. निदान मी तरी इतकी वर्षं तसंच समजत होते!

"तुमचं? अगं, तुझी रूपी लग्नाची झाली!"

"म्हणून तर!" ती म्हणाली आणि मग तिने मला नीट समजावलं. त्यांच्याकडे जोडपं एकत्र राहायला लागतं, संसार करतं, पोरंबाळं होतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लग्नाला मांडव हवा, गावजेवण हवं. ते जमेल तेव्हा लागतं. पण आईबापाचं लागल्याशिवाय पोरीचं लावता येत नाही. रूपीच्या सासरचे थांबून थांबून कंटाळले होते. आणि तुळशीचा हात काही केल्या मांडवापर्यंत पोचत नव्हता.

"आता मांडव तुम्हीच आणलाय," ती म्हणाली. "आम्ही दोन दिवस मान मोडून पॅकिंग करू. उद्या जेवणाच्या सुट्टीनंतर बुधीबाई लगीन लावेल. मांडव रिकामा नाय राहणार, तुमची ऑर्डर पण निघेल."

कुठल्याच ट्रेनिंगमध्ये हे शिकवलेलं नव्हतं. मी हो म्हटलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

आणि काय काम केलं हो बायकांनी! झाकणांचे ढीगच्या ढीग खोक्यांत जायला लागले. फक्त दुपारी रखमी हळूच माझ्याजवळ आली. "मॅडम, आमचं पण लावून टाका ना. मांडव तर तोच." मग भिकी आली. मग मशिनवरचा एक जण मान खाली घालून आला. सुट्टी होईपर्यंत सात जोडपी झाली! एच.आर.ची बाई होते, संध्याकाळपर्यंत वधूवर सूचक मंडळ झाले.

शनिवारी सकाळी निम्म्याहून जास्त ऑर्डर खोक्यांत गेली, तशा बायका चौक लिहायला बसल्या. लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चित्र, भिंतीवरच काढावा लागतो. कँटीनची भिंत साहेबांच्या सोमवारच्या व्हिजिटसाठी मी नुकतीच रंगवून घेतली होती. तिच्यावर गेरू फासला गेला, तांदळाच्या पिठाने देवीचा चौक उमटला, आणि जागा कमी पडली म्हणून 'सुरक्षा प्रथम'ची पाटी काढून झाडाला टेकवून ठेवली गेली. कँटीनमध्ये भाताची मोठी पातेली चढली. पाड्यांवरून वऱ्हाड यायला लागलं. भोपळ्याचा लांबलचक तारपा वाजवणारा कोणाच्या तरी स्कूटरवरून आला.

आणि त्याच्या मागोमाग पारनेरकर साहेबांची गाडी आली!

"सर, तुम्ही सोमवारी येणार होतात ना?"

"सरप्राइज व्हिजिट!" साहेब उतरले. त्यांनी हत्ती पाहिले. "संगीता, लग्न कुणाचं?"

"आपलंच, सर."

"आपलं?"

"म्हणजे स्टाफचं! सात जोडपी आहेत. मी सांगते ना सगळं, सर..."

पण साहेबांचं लक्ष भिंतीकडे गेलं होतं. "वा! वारली पेंटिंग! माझ्या केबिनमध्ये फ्रेम आहे याची. आर्टिस्ट कोण?" त्यांनी चौकापुढे उभं राहून सेल्फी काढला. मला वाटलं, सुटले! पण सेल्फी झाल्यावर त्यांना पॅकिंग आठवलं.

"हे सगळं बंद. कारखाना आहे हा. सगळ्यांनी आत बसायचं, आत्ताच्या आत्ता. नाहीतर वापी!"

तारपा थांबला. तुळशी हळद लागलेल्या कपाळाने तशीच उभी राहिली. लडक्याने तिचा हात धरला. "सर, भिंतीला चीर आहे," मी म्हटलं. 

"भीती मनात असते, संगीता! लीडरने उदाहरण घालून द्यायचं असतं. मी स्वतः बसून दाखवतो!"

आणि ते खरंच गेले. पॅकिंग हॉलमध्ये मधोमध खुर्ची घेतली, लॅपटॉप उघडला, आणि उघड्या दारातून आमच्याकडे बघून अंगठा दाखवला. अख्खं वऱ्हाड मांडवातून त्यांच्याकडे बघत होतं. मी देवाला काय मागावं तेच मला कळेना. धक्का यावा म्हणायचं की येऊ नये म्हणायचं?

तेवढ्यात जमिनीतून गडगडलं.

धक्का काही मोठा नव्हता. आमच्या हिशेबाने अगदीच किरकोळ. पातेल्यातला भात सांडला नाही, बुधीबाई तर बसलेली उठलीही नाही. पण पत्रे खडखडले, आणि साहेब! एक बूट आत, लॅपटॉप आत, आणि साहेब मांडवात! कमानीतून वाऱ्यासारखे आले, ते थेट स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या सिंहासनात बसले. सिंहासनाचे हात त्यांनी हत्तीची सोंड असल्यासारखे घट्ट धरून ठेवले होते.

कोणी हसलं नाही. तुळशीने पाण्याचा तांब्या नेऊन दिला.

"साहेब, आम्ही आत जाऊ का आता?" तिने विचारलं. खवचटपणा नव्हता हो त्यात, खरंच विचारत होती.

साहेबांनी अख्खा तांब्या रिकामा केला. "नको. पॅकिंग इथेच राहू दे. इथे... हवा चांगली आहे."

मी संधी साधली. "आणि वापी, सर?"

"वापी कॅन्सल. भिंत दुरुस्त होईपर्यंत सगळं बाहेर. तसं मेल टाक."

तुळशी तिथेच मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी उन्हावर ढकललं. बुधीबाईने लग्नाचं गाणं धरलं. एकेक करून सातही लग्नं लागली. साहेब सिंहासनावरून उठेनात, म्हणून लडक्याने लग्न उभ्यानेच लावून घेतलं. साहेबांनी बसल्या जागेवरून तांदूळ टाकले, पोटभर जेवले, आणि निघताना गाडीच्या काचेतून म्हणाले, "सोमवारी फुल अटेंडन्स! बुधवारी ट्रक निघाला पाहिजे."

"हो, सर!"

गाडी वळली आणि तुळशी आली. मागे रखमी, भिकी आणि बाकीच्या नवऱ्या.

"मॅडम, स्वतःच्या लगनाची पगारी रजा असते ना? पाच दिवस?"

असते! नियम मीच केलेला. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नवे इंजिनिअर होते.

"आणि बाकीच्या?"

"त्या वऱ्हाडी. पाच दिवसांच्या आत वऱ्हाड उठवता येतं का? आणि रूपीची बोलणी करायला पण जायचंय."

नाही म्हणणार कशी? तिच्या कपाळावरची हळदही अजून वाळली नव्हती! सह्या केल्या सगळ्यांच्या.

सोमवारी मांडवात झाकणं भरायला कोण होतं? मी, अकाउंटंट मनिष, न बोलणारे ते दोन फिटर आणि वॉचमन हाल्या. कंबर कामातून गेली, बोटांना फोड आले, फिटर एकमेकांशी बोलायला लागले ते मला शिव्या घालण्यापुरते. पण बुधवारी ट्रक निघाला! मनिषने आमचा एक फोटो काढून साहेबांना पाठवला, म्हणजे साहेबांनाही कळावं काय चाललंय ते.

लगेच फोन आला.

"संगीता, एक्सलंट! एच.आर. स्वतः पॅकिंगला बसलीय! हेच पाहिजे संकटात! मी फोटो डायरेक्टरना दाखवला."

"थँक्यू, सर." मला वाटलं, आता निदान दोन दिवसांची रजा मागावी.

"ऐक. वापीलाही धक्के जाणवलेत. तिथलं पॅकिंग बंद पडलंय. मुली हॉलमध्ये बसायला तयार नाहीत. अशा परिस्थितीचा अनुभव आपल्याकडे एकाच व्यक्तीला आहे. सहा महिन्यांसाठी तुझी वापीला बदलीची ऑर्डर काढलीय."

एवढी धावपळ केली, हत्ती झाले, सात लग्नं झाली, पण तलासरीच्या पॅकिंगमधलं एक माणूसही मी वापीला जाऊ दिलं नाही. आता रोज डहाणूहून वापीची गाडी पकडते. एकटीच!