परशुरामअण्णांचं अपग्रेड

संगणकाला हात लावण्यापूर्वी देवाचा कौल घेणारा माणूस मी एकच पाहिला आहे. आमचे शेजारी परशुरामअण्णा. नदीकाठच्या गणेशगुडीजवळ त्यांचा होमस्टे आहे आणि त्याची वेबसाइट मुलीनं, सुमननं, बेंगळूरला नोकरीला जाण्याआधी करून दिली. राफ्टिंगला येणारे लोक तिच्यावरूनच खोल्या धरतात. ती बंद पडून पडदा पांढरा झाला तर हंगाम बुडाला.

या वेबसाइटला अधूनमधून नवी आवृत्ती चढवावी लागते. इतर लोक बटण दाबतात, अण्णा मुहूर्त धरतात. आधी गावाला वर्दी जाते : "सोमवारी अपग्रेड हाय. कुणी वेबसाइट उघडू नगा." गावात ती कधीच कुणी उघडत नाही, तरी सगळे गंभीरपणे मान हलवतात.

मग देऊळ. देवाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की होकार.

"देवाला काय सांगू, अण्णा?" गुरवानं विचारलं.

"सांग, कॅशिंग प्लगिन बंद करून नवी आवृत्ती चढवतोय."

"देवाला समजंल असं सांगा की!"

अण्णा खांबाला टेकले. "प्लगिन म्हंजे ताटं आधीच वाढून ठेवणारा गडी. पाव्हणा आला की ताट पुढं. पण चूल बदलायची तर वाढलेली ताटं आधी उचलाय पायजेत, आन् गड्याला घटकाभर बाजूला बसवाय पायजे. न्हाईतर चूल नवी, जेवण शिळं."

पाकळी उजवीकडून पडली. इतकं सरळ बोलणारा भक्त देवालाही क्वचितच भेटत असावा.

अण्णांना कुणी शिकवलेलं खपत नाही. पुण्याच्या एका इंजिनियर पाहुण्यानं "एवढं काय, एक क्लिक तर आहे," असं म्हटलं. अण्णा म्हणाले, "तुमच्या हापिसात आसंल. हितं धरण उशाला, अंधार घराला. अर्ध्यात वीज गेली तर तुम्ही येनार व्हय?" पाहुण्यानं आंबोळीत लक्ष घातलं.

एरवी सुमनचा फोन जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढ्यात आटोपतो. अपग्रेडच्या दिवशी मात्र काम संपेपर्यंत ती फोनवर असते.

त्या सोमवारीही होती. अण्णा इस्त्रीच्या सदऱ्यात, मी साक्षीदार म्हणून बाकावर. सकाळी माझ्यासमोरच त्यांनी प्लगिनची साठवण, म्हणजे ती वाढलेली ताटं, रिकामी केली होती, प्लगिन बंद केलं होतं. आता फक्त नवी आवृत्ती चढवायची.

"आप्पा," स्पीकरवरून सुमन म्हणाली, "ह्यापुढं सगळं आपोआप होऊ दे की. मी सेटिंग करून टाकते. तुम्हाला त्रास नको, मलाही कामातून वेळ काढायला नको."

अण्णांनी माउसवरचा हात काढून घेतला. बाहेर जीपवाला कुणाला तरी हाका मारत होता.

"सुमे," ते म्हणाले, "ती साठवण रिकामी करायचं बटण कुठं आसतंय गं?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहायचं टाळलं.

"वरच्या पट्टीत बघा, आप्पा."

"वर म्हंजे कुठं? मला काय दिसंना बग."

सुमन म्हणाली, "मग आपोआप नको ठेवायला. थांबा, मीटिंग पुढं ढकलते. सावकाश दाखवते."

"व्हय, सावकाशच दाखव," अण्णा म्हणाले. त्यांनी खुर्ची फोनजवळ ओढली आणि चष्मा काढून खिशात ठेवला.