अळणी पाहुणचार

रागाला आणि मिठाला एकाच दिवशी घराबाहेर काढणारा मर्द अख्ख्या ठाण्यात मी एकटा! हे गेल्या चैत्रात मी छातीवर हात मारून सांगत होतो. हल्ली तोच हात कपाळाला लावून बसतो.

झालं असं, की कचेरीचा जिना चढताना माझं डोकं घणघणलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. हरिहरवैद्यांनी मनगट धरलं नि तोंड वाकडं केलं.

"त्र्यंबकराव, ही नाडी आहे की पोहऱ्याची ताणलेली दोरी? रक्ताचा जोर फार वाढलाय. मीठ सोडा, रोज चालायला जा. आणि राग तर अजिबात नको!"

"आलाच तर?"

"तोंडात पाणी धरून बसा. राग उतरेपर्यंत गिळायचं नाही, थुंकायचं नाही!"

घरी येऊन मी गर्जना केली, "आजपासून या घरात मिठाचा खडा दिसता कामा नये!"

आमचं कुटुंब, उत्तरा, शब्दाची पक्की. तिने मिठाची बरणी लोणची-पापडांसकट शेजारच्या रंगूबाईंना देऊन टाकली. मी रोज सकाळी बाळकुमच्या वाटेने रपेट मारू लागलो. दुधी खाऊन खाऊन मीच दुध्यासारखा दिसू लागलो, पण नाडी मऊ झाली! वैद्यबुवा खूश, मी त्याहून खूश.

आणि एका संध्याकाळी दारात भाऊ उभे! भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू, कल्याणचे. वडील गेल्यावर घरचे देव कोणाकडे राहायचे यावरून आमचं बिनसलं, ते बोलणंच तुटलं. देव राहिले कल्याणला आणि अबोला राहिला दोघांकडे. तेच भाऊ आज आपण होऊन आलेले!

"त्र्यंबक, जेवायलाच आलोय रे," ते म्हणाले. माझे डोळे भरून आले.

आत उत्तराची त्रेधा. मागच्या दाराने ती रंगूबाईंकडे धावली.

"रंगूबाई, चिमूटभर मीठ द्या हो!"

"अगं बाई, दिवे लागले की! तिन्हीसांजेला मीठ घराबाहेर देतात का कोणी?"

खाडीकाठी मिठागरंच मिठागरं, आणि माझ्या घरात चिमूटभर मीठ मिळू नये! मी ठरवलं, भाऊंना सरळ सांगून टाकू. पण इतक्या दिवसांनी भेटलेल्या भावाला पहिल्याच घासाला दुखणी काय सांगायची? म्हटलं, जेवण होऊ दे.

पान वाढलं. भाऊ हात आखडून बसले. पानात सगळ्यात आधी वाढतात ते मीठ. त्याची जागा रिकामी!

"मीठ?"

"जेवा तर, भाऊ. मग सांगतो."

त्यांनी आमटी चाखली. भाजी चाखली. चेहरा तांबडा झाला. "असं होय! तुझ्या घरचं मीठ माझ्या पोटात जाऊ नये, एवढा मी परका? वडिलांनी हेच शिकवलं तुला?"

वडिलांचं नाव निघालं आणि माझ्या कानशिलात घण पडू लागले. राग! मी झटकन तांब्या उचलला आणि तोंडात पाणी भरलं. गाल पुरीसारखे टम्म फुगले. 'रागावलो नाही' हे दाखवायला वरून हसलोही!

"हसतोस? मी बोलतोय आणि वाकुल्या दाखवतोस?"

मी हातवारे केले. दाराआड उत्तरा नुसत्या बांगड्या वाजवत राहिली. थोरल्या दिरांसमोर बोलायची तिची प्राज्ञा नव्हती. शेवटी मी "भाऊ!" म्हणायला तोंड उघडलं आणि सगळं पाणी फुर्रकन भाऊंच्या अंगावर!

ते भरल्या पानावरून उठले. मी स्टेशनापर्यंत मागे धावलो, पण गाडी सुटलेली.

रविवारी कल्याणला गेलो. भाऊंनी आपल्या खोलीला आतून कडी लावली. ओट्यावर बसून मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आत गेल्या आणि गंभीर होऊन आल्या.

"हे म्हणतात, मिठाचं कळलं. पण वैद्यांनी सांगितलं म्हणून भावावर चूळ मारायची?" मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, देव तुमच्याकडे पाठवायचे म्हणून पेटीत भरून ठेवलेले हो. त्या दिवशी हे ठाण्याहून आले आणि पुन्हा देव्हाऱ्यात मांडले."

मी ओट्यावरच ठाण मांडलं.

ऊन उतरल्यावर कडी निघाली. मी धडपडत उठलो. पण भाऊ निघाले होते तळ्याभोवती फिरायला! ते पुढे, मी मागे. ते थांबले की मी थांबे. ते चालू लागले की मी चालू लागे. "भाऊ, ऐका तरी," म्हटलं, तर पावलं आणखी भराभर.

वाटेत भाऊंच्या ओळखीचे पोपटशेठ भेटले. माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "भाऊ, हे कोण?"

भाऊ न वळता म्हणाले, "असतील कोणी ठाण्याचे गृहस्थ."

उभ्या जन्मात भाऊंनी मला अहो-जाहो केलं ते त्या एकदाच!