शेंडा आणि बुडखा

कुंपणाचा खांब मोडला, तेव्हा त्याला टेकून होणारे व्याही उभे होते, हीच खरी अडचण. एरवी तो मोडला असता तर दादांनी त्याला दोरी बांधून आणखी एक वर्ष काढलं असतं. तसे दोरीवर जगणारे खांब त्यांच्या शेतावर बरेच होते.

पण मुलाचे वडील म्हणजे वजनाने आणि मानाने, दोन्ही अंगांनी भारी माणूस. दादांच्या मुलीचं, चिमणीचं, आणि त्या मुलाचं आपसात कधीच ठरलेलं होतं, थोरामोठ्यांनी फक्त 'हो' म्हणायचं बाकी होतं. बोलणी रंगात आली होती. 'हो' अगदी ओठांवर आलेलं असताना व्याही जरा पाय मोकळे करायला अंगणात आले, कुंपणाला रेलले आणि म्हणाले, "काय मोकळी हवा आहे हो तुमच्या शेतावर!" त्यातलं 'शेतावर' त्यांनी शेणखताच्या खड्ड्यातून म्हटलं.

मग धावपळ झाली. त्यांना नळीने धुतलं, दादांची विजार दिली. ती त्यांच्या कमरेला पुरेना, म्हणून एका हाताने विजार धरून आणि दुसऱ्या हाताने निरोप घेऊन ते गाडीत बसले. त्यानंतर लग्नाचा विषय काढला की तिकडून एकच उत्तर यायचं, "बघू सवडीने." मुलगा चिमणीला फोनवर सांगायचा, की बाबांसमोर तुमच्या घराचं नाव काढलं तरी ते उठून आत जातात. चिमणी वरवर हसायची, पण तिचं जेवणातलं लक्ष उडालं होतं आणि ते तिच्या आईला, वहिनींना, दिसत होतं.

"तुमच्या एका खांबापायी पोरीचं लग्न मोडतंय," वहिनी म्हणाल्या.

"खांब कुजला होता. त्याला मी काय करू?"

"तेच तर म्हणतेय. काही केलं असतंत तर कुजला नसता."

आणि अचानक निरोप आला, 'रविवारी दुपारी येतो. जरा महत्त्वाचं बोलायचं आहे.'

"नकार द्यायला येतायत," वहिनी म्हणाल्या.

"होकार द्यायलाही माणसं येतातच की."

"होकार द्यायला येणारा माणूस 'जरा' म्हणत नाही."

व्याह्यांच्या डोळ्यांसमोर ते पडकं कुंपण पुन्हा येता कामा नये, एवढं मात्र दोघांनाही एकदम पटलं. बांधावरची निलगिरी पाडून, साली सोलून दादांनी छपरात वाळत टाकली होती. त्यांनी करवत काढली आणि अंगणाच्या बाजूचे सगळे खांब घरच्या घरी कापले. उरला प्रश्न ते न कुजण्याचा. त्यासाठी मामा आला.

मामा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. तो चष्म्याच्या दुकानात होता. लाकडाशी त्याचा संबंध दुकानातल्या स्टुलापुरता, पण कोणत्याही विषयावर 'मला माहीत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. यावेळी मात्र त्याची माहिती खरी निघाली.

"भाऊजी, लाकूड मधे कुजत नाही, वर कुजत नाही. जमिनीच्या तोंडाशी कुजतं. तिथे ओलही असते आणि हवाही. म्हणून जमिनीत जाणारं टोक आधी विस्तवावर काळं होईपर्यंत भाजायचं, आणि गरम आहे तोवर जळक्या ऑइलमध्ये उभं करायचं. लाकूड ते गटागटा पितं. मग वाळवी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही."

"ऑइल जमिनीच्या वर किती यायला हवं?"

"चांगलं वीतभर. कंजुषी करायची नाही."

गॅरेजवाल्याकडून ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आलं. अंगणात विस्तव पेटला. शनिवारभर दादा बुडखा भाजत होते आणि मामा भाजलेला बुडखा ड्रममध्ये उभा करत होता. बुडखा म्हणजे खांबाचं जाड टोक, मुळाकडचं. बारीक टोक तो शेंडा. जाड टोक जमिनीत जाणार हे दोघांनी इतकं गृहीत धरलं होतं, की ते मोठ्याने म्हणण्याची गरज त्यांना वाटली नाही. पायरीवर बसून आबा हे सगळं बघत होते. आबा म्हणजे दादांचे वडील. त्यांनी एकदा "हं" केलं. ते कौतुक होतं, असं दादांना वाटलं. ते खरंच कौतुक होतं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

संध्याकाळपर्यंत खड्डे खणून झाले. खांब रात्रभर ऑइल पीत राहू देत, सकाळी उठून रोवू, असं ठरवून दोघं झोपले आणि दमल्यामुळे सकाळी उशिरा उठले. बाहेर येऊन बघतात तर कुंपण उभं! एका रेषेत, ओळंबा लावल्यासारखं सरळ, पहारीने माती ठोकून घट्ट बसवलेलं. फक्त सगळ्या खांबांची काळीकुट्ट, तेलकट टोकं आभाळाकडे होती आणि पांढरी, कोरडी टोकं जमिनीत. आगपेटीतल्या काड्या कुणी ओळीने मातीत खोचाव्यात तसं ते दिसत होतं. शेजारी हात धूत आबा उभे होते.

"आबा, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? तुम्ही झोपला होतात, मी काम केलं."

"खांब उलटे रोवलेत!"

"मग? उलटेच रोवायचे असतात," आबा शांतपणे म्हणाले. "झाड जितं असतं तेव्हा पाणी बुडख्याकडून शेंड्याकडे चढतं. लाकडाला ती सवय असते. सुलटा रोवला की त्याला वाटतं आपण अजून झाडच आहोत, मग बसतं पाणी ओढत. उलटा रोवला की त्याला वाट सापडत नाही. शेंडा खाली, बुडखा वर. माझ्या वडिलांनी रोवलेले खांब कधी कुजले नाहीत."

"कुठे आहेत ते?" मामाने चौकशी केली.

"चोरीला गेले. कुजलेलं कोण चोरतं?"

मामा चष्मा काढून पुसू लागला. दादा मात्र पेटले होते. "अहो आबा, ऑइल आम्ही जमिनीत जायच्या टोकाला लावलं होतं! ते टोक तुम्ही वर काढून ठेवलंत!"

"पाऊस कुठून पडतो? खालून?" आबांनी विचारलं. "मला वाटलं, पोराने जन्मात एकदा तरी डोकं चालवलं. बुडखा वर येणार, म्हणून त्याला आधीच तेल पाजून ठेवलं."

दादांची साठी जवळ आली होती, तरी आबांच्या हिशेबी ते पोरच होते. त्यांनी दाद मागायला बायकोकडे बघितलं. वहिनींच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ऑइल होतं.

"तू बघत होतीस?"

"बघत कुठली, धरत होते. आबा म्हणाले धर, मी धरलं. मला कुंपण उभं हवंय. ते पायावर उभं राहतंय की डोक्यावर, ते तुमचं तुम्ही बघा."

"पण हे वर्षभरात कुजेल!"

"आणि सुलटं रोवलं तर पाणी ओढेल," आबा म्हणाले. "माझ्या हाताने रोवलेला खांब आजवर कुणी उपटलेला नाही. तुला उपटायचा असेल तर उपट. मी आत जाऊन पडतो. पाहुण्यांना सांग, आबांना बरं नाही."

आबांशिवाय पाहुण्यांसमोर बसायचं म्हणजे नकाराला आयतं निमित्त. दादांनी एका खांबाचं वरचं टोक धरून हलवून बघितलं आणि ते कपाळाला हात लावून खाली बसले, आणि हाताचं ऑइल कपाळाला गेलं. शेवटी वहिनींनीच तोडगा काढला. खांब उपटायचे, आता शेंडेही भाजून ऑइलमध्ये बुडवायचे, आणि पुन्हा आबांच्या पद्धतीने उलटेच रोवायचे. दादांचं ऑइल जमिनीत जाईल आणि आबांचा बुडखा वर राहील. यावर आबांनी पुन्हा एकदा "हं" केलं.

"तुमच्या घरात कशाला म्हणून शेंडा ना बुडखा!" असं म्हणून त्या पदर खोचून स्वतः पहार घ्यायला गेल्या.

सांगायला सोपं होतं. पण आबांनी माती अशी ठोकली होती, की एकेक खांब काढताना दादांच्या आणि मामाच्या कमरेचे काटे ढिले झाले. शिवाय खांबाची दोन्ही टोकं आता तेलकट झाल्याने धरायला उरला तो मधला भाग, आणि थोड्या वेळाने तोही उरला नाही. खांब हातातून मासळीसारखे सटकू लागले. एक मामाच्या पायावर पडला, एक घरंगळत चिमणीच्या वाळत घातलेल्या ओढणीत गुरफटला. विस्तवाचा धूर तर असा कोंडला, की मामाचा चष्मा काळा झाला. त्याला अकरा वाजताच संध्याकाळ दिसू लागली आणि तो "पाहुणे आलेच नाहीत का?" असं विचारू लागला.

शेवटचा खांब खड्ड्यात उतरला आणि त्याच क्षणी फाटकावर हॉर्न वाजला. दुपारी येणारे पाहुणे जेवणाआधीच आले होते.

"आई, आले!" चिमणी ओरडली. "आणि मागे टेम्पो आहे!"

"टेम्पो?" वहिनींचा चेहरा उतरला. "सामान परत करायला आलेत."

"आपण त्यांना कसलं सामान दिलंय?"

"तुमची विजार!"

"विजारीला टेम्पो लागत नाही," दादा म्हणाले, पण त्यांचाही धीर सुटला होता. पळून जाऊन आंघोळ करायला वेळ नव्हता. कपाळापासून पायापर्यंत काळे झालेले दादा, तितकाच काळा आणि शिवाय लंगडणारा मामा, पदर खोचून पहार धरलेल्या वहिनी आणि मधे स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत आबा, असं कुटुंब पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहिलं.

व्याही गाडीतून उतरले. कुंपण बघून जागीच थबकले, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून चांगली चार पावलं लांब उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आता गप्प राहिलो तर पोरीचा संसार सुरू होण्याआधीच संपेल, असं वाटून दादा पुढे झाले.

"त्या दिवशी जे झालं त्याबद्दल..." दादा म्हणाले.

"त्या दिवशी जे झालं त्याबद्दल..." व्याहीही त्याच वेळी म्हणाले.

दोघं थांबले. "आधी तुम्ही," दोघं पुन्हा एकदम म्हणाले. तेव्हा गाडीतून विहीणबाई उतरल्या.

"तुम्ही दोघंही थांबा, मी सांगते," त्या म्हणाल्या. "अहो, त्या दिवसापासून यांनी माझं डोकं खाल्लंय. 'मी पाहुणा म्हणून गेलो आणि लोकांचं कुंपण मोडून आलो, आता कुठल्या तोंडाने त्यांच्याकडे मुलगी मागू?' तुमचं नाव निघालं की लाजून आत जाऊन बसतात. जेवण निम्म्यावर आणलंय, वजन कमी करायचं म्हणून. म्हटलं, चला आता, माझ्यासमोर माफी मागा आणि विषय संपवा."

"माफी तर मी मागायला हवी!" दादा म्हणाले. "आमचा खांब कुजका होता."

"कुजका होता?" व्याह्यांचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांना बक्षीस लागलं. "म्हणजे माझ्या वजनाने नाही?"

"तुमचं कसलं वजन! त्यावर चिमणी बसली असती तरी मोडला असता."

"ऐकलंस?" व्याही बायकोला म्हणाले. "आज मी पोटभर जेवणार आहे."

वहिनी हसता हसता रडू लागल्या आणि ऑइलच्या हातांनी डोळे पुसू लागल्या. इतक्या दिवसांची भीती एकदम उतरल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं. चिमणीने मुलाला फोन लावला आणि ती घराच्या मागच्या बाजूला पळाली.

"आणि हा टेम्पो?" मामाने विचारलं.

व्याही संकोचले. "नुकसानभरपाई म्हणून थोडे खांब आणलेत. सिमेंटचे. यांना ना वाळवी, ना पाणी. बघायलाच नको."

टेम्पोवाल्याने फळी पाडली. आत सिमेंटचे गुळगुळीत खांब ओळीने झोपले होते. दादांनी त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवला. मामाच्या शर्टाचं त्याने आणखी काही बिघडणार नव्हतं.

खांब उतरवून भिंतीला लावले, तसे आबा पुढे आले. त्यांनी एका खांबावर बोटाने टकटक केलं. दोन्ही टोकांना वीत लावून बघितली. दोन्ही सारखीच भरली. ते खांबाभोवती एक फेरी मारून आले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"याचा बुडखा कुठला?" त्यांनी विचारलं.

मामाने समजावून सांगायला तोंड उघडलं, तसा वहिनींनी त्याच्या चांगल्या पायावर पाय दिला. व्याही गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. त्यांनी खांबाचं एक टोक नीट पाहिलं, दुसरं टोक नीट पाहिलं, आणि अतिशय गंभीरपणे आबांकडे वळले.

"आबा, तुम्ही म्हणाल तो."

आबांनी त्यांना एकदा नखशिखांत न्याहाळलं. मग ते दादांना म्हणाले, "पोरगी डोळे झाकून दे यांच्या घरात. माणसाला शेंडा-बुडखा कळतो."