डोक्यातला फाउल

आमच्या समोरचे विल्सनअण्णा रोज सकाळी स्वतःला पिवळं कार्ड दाखवायचे.

थट्टा नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात त्यांची पायरी आणि माझी पायरी अगदी समोरासमोर. मी तोंडात ब्रश घालून बाहेर यायचो, तेव्हा अण्णा मांडीवर काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ठेवून, डोळे मिटून बसलेले असायचे. चेहरा कसा, तर नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. मग मध्येच भुवया जवळ यायच्या, गळ्यातली शिट्टी तोंडात जायची आणि फुर्रर्र. बोळातली कुत्री दचकून उभी राहायची. अण्णा खिशातून पिवळं कार्ड काढायचे, स्वतःच्याच नाकासमोर धरायचे, स्वतःकडे जरा रागानं बघायचे, कार्ड खिशात घालायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. खेळ पुढे सुरू.

नवीन दूधवाला पहिल्या दिवशी चरवी टाकून पळाला होता. आम्ही मात्र सरावलो होतो. मला तर तक्रार करायला तोंडच नव्हतं, कारण ती शिट्टीची अक्कल माझी.

अण्णा उद्यमनगरात लेथवर काम करत आणि मोसम आला की फुटबॉलचे पंच होत. कोल्हापुरात फुटबॉलचा पंच होणं म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला नुसतं सांगून कळायचं नाही. दोन तालमींची, म्हणजे पेठांतल्या संघांची, मॅच लागली की इथं पेठाच्या पेठा कुलूप घालून स्टेडियमवर जातात आणि तिथं पंचाच्या आईवडिलांपासून पणजोबांपर्यंत सगळ्यांची मोठ्यानं विचारपूस होते. अण्णा ती घामासारखी मनगटानं पुसून टाकायचे. तोंडून उलटा शब्द नाही. ते म्हणायचे, "मैदानावर दोनच माणसं खरी बोलत्यात. एक पंच आणि दुसरा बॉल."

मग अण्णांची बायको, आमच्या रूथकाकू, गेल्या. अण्णा त्याच सुमाराला लेथवरूनही निवृत्त झाले. मूलबाळ नव्हतं. घरात अण्णा, भिंतीवर काकूंचा फोटो आणि खुंटीला पंचाचा काळा शर्ट, एवढीच वस्ती उरली.

त्याच दिवसांत एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेश केला, की जिणं नवं करायचं असेल तर आधी विचार नवे व्हायला पाहिजेत. मनात येणारा एकेक विचार धरायचा आणि प्रभूपुढं उभा करायचा. बाकीच्या मंडळींनी आमेन म्हटलं आणि मटणाच्या ओढीनं घर गाठलं. अण्णांनी मात्र तो नियम म्हणून घेतला. आणि पंचाला एकदा नियम कळला, की विषय संपला.

त्यांचं मनन इतरांसारखं नव्हतं. आमच्या ऑफिसातला एकजण नुकताच कसल्याशा शिबिराला जाऊन आला होता आणि मन रिकामं करा, मन रिकामं करा म्हणून सगळ्यांच्या मागं लागला होता. मी हे अण्णांना सांगितलं, तर ते खवळले. "रिकामं कशाला करायचं? रिकाम्या गोलात कोणबी बॉल मारतंय. मन भरायचं असतंय. शास्त्रातलं वचन घ्यायचं आणि गोलात उभं करायचं." वचन कसं घ्यायचं हे दाखवायला ते मला दूधकट्ट्यावर घेऊन गेले. तिथं गिऱ्हाइकासमोर धारा काढतात. लोक पेले घेऊन ताज्या दुधाकडं बघत होते, अण्णा म्हशीच्या तोंडाकडं. "बघ, कशी रवंथ करतीया. गडबड हाय काय तिला? एकच घास, पुन्हा पुन्हा. तसं एक वचन घेऊन चघळायचं." म्हैस आमच्याकडं बघत चघळत राहिली. मालकाला वाटलं, आम्ही म्हैस विकत घ्यायला आलोय. त्यानं किंमतही सांगून टाकली.

शिट्टीच्या आधी अण्णांची पद्धत वेगळी होती. विचार आला की ते त्याची तोंडी उलटतपासणी घ्यायचे. डोळे मिटलेले आणि आवाज मैदानावरचा. "काय पावणं, कुणीकडनं आलासा? कुणी धाडलंय?" विचार शंकास्पद वाटला, की हाकलायचे. असं बरेच दिवस बिनबोभाट चाललं. मग माझ्या बहिणीला बघायला कबनूरची मंडळी आली.

मंडळी मोठी. घरचे यंत्रमाग. मुलाचे वडील फेटा बांधून पुढं, बाकीचे मागं. बोळात शिरून ते आमचं घर शोधत होते, तेवढ्यात समोरच्या पायरीवरून प्रश्न आला, "काय पावणं, कुणीकडनं आलासा?" वडील थांबले. अदबीनं म्हणाले, "कबनूरहून." अण्णा आपल्याच तंद्रीत. "तुमचं हितं काय काम न्हाय. रोज तोंड वर करून येताय, लाज न्हाय वाटत? आल्या वाटंनं परत जावा."

गेले की. आम्ही घरात पोहे परतत बसलो आणि ते बस धरून कबनूरला पोचलेसुद्धा.

बहिणीचं पुढं चांगल्या घरी जमलं, ती गोष्ट वेगळी. पण त्या संध्याकाळी मी अण्णांच्या दारात जाऊन तावातावानं म्हणालो, "बोलताय कशाला? तुम्ही रेफरी हाय न्हवं? शिट्टी मारा की त्या विचाराला."

मी टोमणा मारला होता. अण्णांना तो लागलाच नाही. उलट त्यांचे डोळे चमकले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "लगा, हे मला कसं सुचलं न्हाय?"

दुसऱ्या सकाळी पहिली शिट्टी वाजली. कार्ड हा त्यांचा स्वतःचा शोध.

उपकाराची फेड म्हणून त्यांनी मलाही मननाला बसवलं. मला एक वचन दिलं, एक जुनी शिट्टी दिली. वचन मी मनातल्या मनात घोळवू लागलो आणि बघता बघता मिसळीवर पोचलो. शिट्टी. पुन्हा वचन, मग आमचे ऑफिसातले साहेब. त्यांची बदली पन्हाळ्याच्या धुक्यात होते आणि ते तिथं खोकत बसलेत, असं गोड चित्र. शिट्टी. माझ्या मननात खेळ इतक्या वेळा थांबायचा, की खेळ असा व्हायचाच नाही. एकदा मी अण्णांना म्हणालो, की साहेबांना शिव्या देता देता मला त्यांची अंथरुणाला खिळलेली आई आठवली आणि साहेबांची एकदम दयाच आली. आता याला शिट्टी मारायची का?

"न्हाय," अण्णा म्हणाले. "तिथं ॲडव्हान्टेज द्यायचा. फाउल झालाय खरा, पर बॉल चांगल्या बाजूला निघालाय, तर आपण मधी पडायचं न्हाय. खेळू द्यायचं." आणि त्यांनी दोन्ही हात पुढं फेकून पंचाची ती खूण करून दाखवली. अंगणातल्या कोंबड्या पुढं हाकाव्यात तशी.

आता सेमीफायनलकडं येतो. आमची तालीम आणि समोरच्या पेठेची तालीम, पंच विल्सनअण्णा. स्टेडियम असं भरलेलं, की खिशातला रुमाल काढायचा तर शेजाऱ्याला विचारावं लागे. शून्य-शून्य. मॅच संपत आलेली, घसे बसलेले. आणि आमच्या बबल्याला मध्यावर बॉल मिळाला.

काय सांगू! पहिला डावीकडून काढला. दुसरा आडवा आला, त्याच्या दोन पायांतून बॉल घातला आणि स्वतः बाजूनं वळसा घालून पलीकडं हजर. तिसरा नुसताच बघत राहिला. गोलकीपर धावत पुढं आला. बबल्यानं कंबर अशी हलवली, की तो गोलकीपर जेवायला बसावं तसा खाली बसला. पुढं मोकळा गोल. मी कुणाच्या तरी खांद्यावर होतो, कुणाच्या ते आजही माहीत नाही. बबल्यानं पाय उचलला.

फुर्रर्र.

बॉल जाळीत गेला, पण शिट्टी आधी वाजली होती. शिट्टीनंतरचा गोल नसतो. अण्णा तोंडात शिट्टी धरून उभे. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखा चेहरा. सवयीनं त्यांचा हात खिशात गेला, पिवळं कार्ड बाहेर आलं आणि सगळ्या कोल्हापूरसमोर त्यांनी ते स्वतःच्या नाकासमोर धरलं.

मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. चपला आल्या, पाण्याच्या पिशव्या आल्या, अण्णांचे पणजोबा आले. ड्रॉप बॉल देऊन, म्हणजे पंचानं बॉल नुसता खाली टाकून, खेळ सुरू झाला, पण आमच्या पोरांचं अवसान गळालं होतं. टायब्रेकरवर हरलो. माझ्याभोवती जो तो विचारत होता, की ह्या माणसाला असली थेरं कुणी शिकवली. सगळ्यात मोठ्यानं मीच विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचांच्या कमिटीनं अण्णांना बोलावलं. त्यांच्याबरोबर मी गेलो. रस्ताभर मी त्यांना पढवत होतो, की हँडबॉल म्हणा, बबल्याच्या हाताला लागला म्हणा, कोण बघायला गेलंय. एवढं म्हटलं की शिट्टी वाचत होती. नाही म्हटलं तर शिट्टी जाणार होती, आणि लेथ गेल्यावर, काकू गेल्यावर, त्या माणसाला घराबाहेर काढणारी तेवढी एक शिट्टीच राहिली होती.

"लागला न्हाय की हाताला," अण्णा म्हणाले.

"मला माहीत हाय. तुम्ही नुसतं म्हणा."

"म्हणू कसं? लागला न्हाय."

कमिटीचे अध्यक्ष तसे भले गृहस्थ होते. त्यांनी सांभाळून घ्यायच्या सुरात विचारलं, "अण्णा, फाउल कुणाचा होता?"

"माझा, सायेब."

"तुमचा कसा? कुठं झाला?"

"डोक्यात."

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. अण्णांनी गळ्यातली शिट्टी काढली, दोरी नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. पुढचा निर्णय होईपर्यंत मॅच नाही, असं ठरलं. अण्णांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि आम्ही बाहेर पडलो.

बोळात आल्यावर ते आपल्या पायरीवर बसले. हात सारखा छातीपाशी जात होता आणि तिथं काही नव्हतं. मला राहवेना. माझी कल्पना अशी, की विचार चांगलाच भयंकर असणार. समोरच्या पेठेनं पाकीट दिलं असेल, किंवा आदल्या मॅचला बबल्यानं शिवी दिली होती तिचा राग असेल. मी विचारलं, "अण्णा, असा कसला विचार आलता?"

"वाईट न्हवता रं." ते काकूंच्या स्वयंपाकघराच्या बंद खिडकीकडं बघत होते. "बबल्यानं गोलकीपर बसीवला आणि मनात आलं, घरी गेल्यावर हे रूथला सांगाय पायजे."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

मग त्यांनीच सांगितलं. रूथकाकूंनी आयुष्यात एक मॅच बघितली नव्हती. पण प्रत्येक मॅचनंतर त्या भाकरी थापत बसायच्या आणि अण्णा त्यांच्यासमोर फरशीवर मॅच मांडायचे. वाट्या म्हणजे खेळाडू, मिठाची बरणी गोलकीपर, लसणाची पाकळी बॉल. काकूंना ऑफसाईड कधी कळला नाही. दर वेळी विचारायच्या आणि दर वेळी अण्णा पहिल्यापासून सांगायचे.

"आता सांगाय पायजे असं वाटतंय, आणि घरी कोण न्हाय ते मागनं ध्यानात येतंय. मग मन कडू हुतंय. देवासंगं भांडाय लागतंय. म्हणून त्याला आधीच धरायचा."

"म्हणजे रोज सकाळी जी शिट्टी..."

"तोच पावणा," अण्णा म्हणाले. "दुसरं कोण येतंय माझ्याकडं?"

मी उठलो, त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना आमच्या घरात घेऊन आलो. माझी बायको सुमन चुलीपुढं भाकऱ्या करत होती. फुटबॉल या विषयावर तिचं मत इतकं वाईट आहे, की ते इथं देता येत नाही. मी तिला म्हणालो, "अण्णांना जरा कालची मॅच विचार."

तिनं माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं आणि परातीतलं पीठ मळता मळता म्हणाली, "व्हय हो अण्णा, काल एवढं काय झालं? ह्यांनी तर रात्री जेवणसुद्धा केलं न्हाय."

अण्णा उभेच राहिले. मग हळूच फरशीवर बसले. एक वाटी ओढली. दुसरी ओढली. मिठाची बरणी भिंतीपाशी ठेवली, लसणाची पाकळी घेतली. सुरुवात हळू आवाजात झाली. बबल्यानं पहिला खेळाडू काढला तेव्हा आवाज चढला. दुसऱ्या वाटीला वळसा घालताना ते गुडघ्यांवर आले. बरणी आडवी झाली, मीठ सांडलं, सुमननं भाकरी तव्यावर तशीच सोडली. पाकळी मोकळ्या गोलासमोर आली आणि अण्णांचा हात छातीपाशी गेला.

तिथंच थांबला.

मग त्यांनी दोन्ही हात पुढं फेकले, कोंबड्या हाकाव्यात तसे, आणि बोटानं पाकळीला टिचकी मारली. पाकळी भिंतीवर आपटली. अण्णांनी ताठ बसून स्वयंपाकघराच्या मध्याकडं हात दाखवला. गोल.

"अगं बाई," सुमन म्हणाली. "मग ह्यात फाउल कुठं झाला?"

"झालाच न्हाय," अण्णा म्हणाले.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. सुमननं ती उलटली, बरणी उभी केली आणि विचारलं, "बरं, आणि ते ऑफसाईड-ऑफसाईड म्हणतात, ते काय असतंय?"

अण्णांनी सगळ्या वाट्या पुन्हा गोळा केल्या.