डल्सीबाईंची पकड

"मला फक्त पाच मिनिटं द्या, त्या अंपायरच्या डोक्यात नियम कायमचा बसवते!" मध्यंतर होताच डल्सी हार्गनने जाहीर केलं.

तिचा संताप खोटा नव्हता. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा नियमच आहे: चेंडू हातात असताना प्रतिस्पर्ध्याची पकड बसली की तो सोडायचा. संधी मिळूनही सोडला नाही, तर फ्री किक समोरच्यांना. इतकं सोपं! पण तिच्या लाडक्या वॉलारा संघाचा खेळाडू सापडला की शिट्टी, आणि पाहुण्यांचा सापडला की "त्याला संधीच मिळाली नाही!" पकड तीच, अंपायरही तोच!

नवरा आल्फ नुकताच क्लबच्या सोडतीत बक्षिसाचा मांसाचा ट्रे जिंकून खुशीत उभा होता. डल्सीने त्याला ट्रेसकट अंपायर पिकॉटच्या खोलीपुढे ओढत नेलं. मागोमाग बघेही जमले.

"हे बघ पिकॉट, हा ट्रे म्हणजे चेंडू. आल्फ, पळ!"

"अगं, पण माझा गुडघा..."

पुढचे शब्द चिखलातच गेले! आल्फ ट्रेला कवटाळून पालथा, डल्सी त्याच्या पाठीवर, आणि सॉसेजची माळ पिकॉटच्या गळ्यात!

"बघ, सोडला नाही!"

"संधी कुठे दिलीस?" आल्फ खालून कळवळला.

"दोन पावलं चाललास की!"

"चाललो नाही, कोलमडलो!"

"आल्फचं बरोबर आहे," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "छे! सरळ फ्री किक!" दुसरा ओरडला. वॉलाराचेच लोक आपसात जुंपले.

पिकॉटने शांतपणे माळ उतरवली. "पाठीत धक्का. फ्री किक आल्फला."

हशा पिकला. डल्सीचे कान तापले. तिला उठवताना पिकॉट हळूच म्हणाला, "डल्सीबाई, शिव्या खाऊन यंदा आमचे तीन अंपायर सोडून गेले. शनिवारी माणूस मिळाला नाही तर सामनाच रद्द. नियम तुम्हाला पाठ आहेत. येता?"

"येते!" विचार करायच्या आधीच जीभ बोलून गेली.

गुरुवारी सराव झाला, शनिवारी डल्सी पिकॉटच्या जोडीला शिट्टी घेऊन मैदानात. पहिलीच पकड, तिच्यापासून तीन पावलांवर! संधी मिळाली? की नाही? कुंपणापलीकडून किती स्पष्ट दिसायचं! तिने शिट्टी फुंकली आणि हात एका दिशेला केला. दोन्हीकडचे प्रेक्षक एकदम खवळले. सगळ्यांत मोठा आवाज आल्फचा!

"दोन्ही बाजू चिडल्यात," ती धापा टाकत पिकॉटला म्हणाली, "म्हणजे निर्णय बरोबरच दिला असणार, नाही?"

"झकास दिलात," पिकॉट म्हणाला. "पुढच्या वेळी फक्त डोळे उघडे ठेवा."