फिल्टरमध्ये आढळलेली घाण

आमच्या मत्स्यबीज केंद्रातल्या नव्याकोऱ्या फिरत्या ड्रम फिल्टरमध्ये तपासणीच्या वेळी घाण आढळून आली, ही बाब अत्यंत खेदजनक आहे. केंद्राचा उपप्रमुख या नात्याने मी ती मान्य करतो. जबाबदारी मात्र घेत नाही.

यंत्र तसं लहानखुरं, कपडे धुण्याच्या मशीनएवढं. आत बारीक जाळीचा आडवा पिंप फिरतो. टाकीतलं पाणी त्यातून गाळून निघतं, माशांची विष्ठा आणि उरलंसुरलं खाद्य जाळीवर अडकतं, फवारे सुटून जाळी धुतली जाते आणि गाळलेलं पाणी पुन्हा टाकीत जातं. टाकीत माशांची नखाएवढी पिल्लं. गढूळ पाण्यात ती गुदमरून मरायची, म्हणून तंत्रज्ञ बाईंनी आमच्या केंद्रप्रमुख साहेबांचं डोकं खाऊन हे यंत्र मिळवलं होतं. त्यानंतर पिल्लं मरायची थांबली होती, पण तपासणी यंत्राची होती, पिल्लांची नव्हती.

तपासणी अधिकाऱ्यांनी झाकण उघडलं आणि नाकाला रुमाल लावला.

"हे काय आहे?"

"घाण आहे, सर," बाई म्हणाल्या.

"शुद्धीकरणाच्या यंत्रात?"

"मग कुठे असणार? ती पकडायलाच तर आणलंय त्याला."

"म्हणजे तुम्ही जाणूनबुजून नव्या यंत्रात घाण जाऊ दिलीत!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

लगेच बैठक झाली. यंत्रात घाण येते कुठून, यावर सखोल चर्चा होऊन ती पाण्यातून येते असं निष्पन्न झालं. पाण्यात ती माशांमुळे येते. माशांना लेखी समज देण्याची तरतूद नसल्याने टाकीचं पाणीच यंत्रापासून तोडण्यात आलं.

पण थांबलेलं यंत्र म्हणजे नादुरुस्त यंत्र, असा नियम आहे. ते फिरायला तर हवं. साहेबांनी स्वतःच्या केबिनमधले पिण्याच्या पाण्याचे जार त्याला जोडून दिले. काय सांगू, पिंप असा डौलात फिरू लागला की पाहत राहावं! जाळीवर कणही नाही. जारमधून निघालेलं पाणी यंत्रातून गाळून पुन्हा जारमध्ये जायचं आणि आम्ही त्याचा चहा करायचो. साहेबांच्या मेहुण्या घरून बाटल्या घेऊन येऊ लागल्या.

एक दिवस बाई धावतच केबिनमध्ये आल्या.

"साहेब, पिल्लं वर येऊन तोंडं उघडतायत. फक्त एक पाइप जोडायचाय हो. मी जोडते, संध्याकाळी जाळी स्वतः घासून देते."

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्हाला मासे जगवायचेत की केंद्र?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही गलबलून आलं, पण समोर साहेब होते. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी गुपचूप पाइप जोडलाच. जाळीवर बोटभर डाग पडला. बाईंना यंत्राच्या खोलीत यायला मनाई झाली, आणि दाराला कुलूप लागलं.

पुढच्या तपासणीत आमचा फिल्टर सर्वांत स्वच्छ ठरला. वर्तमानपत्रात फोटो आला. असं यंत्र लोकांनी पाहायलाच हवं म्हणून साहेबांनी ते खोलीतून काढून टाकीसमोरच्या अंगणात मांडलं, पिंपावर काचेचं झाकण बसवलं, वर दिवे सोडले आणि केंद्र सर्वांसाठी खुलं केलं.

गर्दी लोटली. तुम्हीही आला होतात की! झाकणाच्या काचेवर नाक टेकवून "वा, काय तंत्रज्ञान आहे!" म्हणालात. बाई तिथेच उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होत्या, "एकदा मागे टाकीकडे बघा हो." तुम्हालाही सांगितलं. तुम्ही त्यांच्या हातात मोबाइल दिलात आणि यंत्रासोबत तुमचा फोटो काढायला सांगितलात.

फोटो छान आलाय. तुम्ही हसताय, यंत्र चमकतंय. मागे पाण्यावर जे पांढरं पांढरं तरंगतंय, ती फुलं नाहीत.