चादरीखालचा युरोप

आमच्या गल्लीत कोणाकडे सत्यनारायण असला, की निमंत्रण देत फिरणारा माणूस शामराव परात्यांच्या दाराशी आला की चपलांचा आवाज न करता पुढे सरकतो. शामराव कोणाचा अपमान करत नाहीत. उलट आत बोलावतात, पाणी देतात, खुर्ची पुढे करतात आणि म्हणतात, "बस गा. लिथुनियाचं तुले माहीत आहे काय?" त्यानंतर तासभर तो माणूस सुटत नाही. मागे एक जण प्रसाद द्यायला म्हणून गेला आणि प्रसाद स्वतःच खाऊन परत आला.

लिथुनिया म्हणजे लिथुआनिया. सगळ्या युरोपानं जुने देव सोडून नवा धर्म घेतला, तरी हे लोक आपले झाडांना हात जोडत राहिले आणि अगदी शेवटी वळले. शामरावांना त्यांचं फार कौतुक. "लेट आले, पण आले," असं ते म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, लग्नाला उशिरा पोचलेल्या साडूबद्दल बोलताहेत.

आम्ही नागपूरच्या पाचपावलीत राहतो. शामराव माझ्या भिंतीला भिंत लागून. घराणं विणकरांचं. तरुणपणी त्यांनी स्वतः हातमागावर लुगडी आणि चादरी विणल्या. पुढे माग बसला, तेव्हा ते गांधीबागेत एका ठोक साडीवाल्याच्या गादीवर लागले आणि गिऱ्हाइकानं उलगडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालू लागले. त्या दुकानात बांधाबांधीसाठी रद्दी यायची. तिच्यात त्यांना एक जाडजूड हिंदी पुस्तक सापडलं. युरोपात धर्म कसकसे आले, कसे भांडले आणि कसे उतरणीला लागले, याचा इतिहास. पुठ्ठा नाही, नाव नाही, पहिली चाळीस पानं नाहीत. त्यामुळे शामरावांचा युरोप एक्केचाळिसाव्या पानापासून सुरू होतो. त्याच्या आधी काय होतं, असं मी एकदा विचारलं.

"त्याच्या आधी कोणीतरी शेंगदाणे बांधले," ते म्हणाले.

पुस्तक तिसऱ्यांदा वाचून झालं त्या उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं, की आपण आता देव मानत नाही. त्यांचे शब्द होते, "मी युरोप झालो." युरोपाला याच कामाला हजार-दीड हजार वर्षं लागली आणि तरी ते काम अर्धवटच आहे. शामरावांनी सगळं एका मे महिन्यात उरकलं.

तेव्हापासून गल्लीत काहीही घडलं, तरी ते युरोपात आधीच घडून गेलेलं असतं. कोणाच्या पोरीनं पळून जाऊन लग्न केलं, युरोपात होऊन गेलं. दोन भावांनी एकाच घरात दोन महाराज धरले आणि जेवणाच्या पंक्ती वेगळ्या केल्या, तर त्यावरून युरोपात तीस वर्षांची लढाई झाली होती. जुना सण नव्या धर्मात नाव बदलून कसा राहतो हे सांगताना ते मागावर धोटा फेकावा तसा हात हवेत आडवा फेकून दाखवतात. "मागावर ताणा तोच राहते गा, लांबीचा. आडवा बाणा तेवढा बदलते. पाहणाऱ्याले वाटते कपडाच नवा आला."

एकदा चौकातल्या देवळाचा भोंगा पहाटेपासून सुरू झाला. शामरावांना आठवलं, की जर्मनीतल्या एका साधूनं पंच्याण्णव मुद्दे लिहून देवळाच्या दारावर ठोकले होते आणि तिथूनच सगळं फिरलं. त्यांनी फुलस्केप कागद आणला. चौदा मुद्दे झाल्यावर विषय संपला. पंधराव्या ओळीत 'बाकी नंतर' असं लिहून त्यांनी तो कागद डिंकानं दाराला चिकटवला. दुपारी पुजाऱ्यानं तो सोडवून घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काकडआरतीची वेळ लिहून पुन्हा लावला.

या सगळ्याला घरात एकच विरोधी पक्ष होता, त्यांच्या पत्नी कमलाकाकू. भिंतीतल्या देवळीत त्यांचे पाच पितळी देव होते, बोटभर उंचीचे. रोज सकाळी काकू त्यांना ताम्हणात घेऊन आंघोळ घालायच्या आणि रोज सकाळी शामराव मागे उभे राहून युरोप सांगायचे. आमच्या मधल्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं.

"काहून घासून राहिली वं? झिजून जातीन ते."

"तुमचा युरोप तुमच्यापाशी ठेवा. मले आंघोळ घालू द्या."

चाळीस वर्षं हे चाललं. माझं घड्याळ बंद पडलं तरी मला शाळेला उशीर झाला नाही.

माझ्या आईशी मात्र शामराव जपून बोलायचे. माझ्या आजोबांनी, इथे नागपुरात लाखोंनी धम्म घेतला त्याच वेळी घेतला होता. घरी आल्यावर त्यांनी देव टोपल्यात भरले आणि विहिरीत सोडले. शामरावांना पुस्तकातल्या कुठल्याही देशाचा विषय निघाला की एकच प्रश्न पडतो, की जुन्या देवांचं पुढे काय झालं. म्हणून एकदा ते वही घेऊन आमच्याकडे आले.

"वहिनी, सोडतानी वाईट नाही वाटलं काय कोणाले?"

आई तांदूळ निवडत होती. "कायचं वाईट? ज्याइच्या देवळात आमाले पायरी चढू देत नव्हते, ते आमचे होते कुठं? मामंजी म्हणत, टोपलं खाली झालं अन् मान हलकी झाली."

शामरावांनी ते लिहून घेतलं. मग वही मिटून म्हणाले, "हे पुस्तकात नाही." त्या दिवसापासून युरोपाबद्दल कुठं अडलं, की ते आईचं मत घेऊ लागले.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र आइसलँडची. ती मी इतक्या वेळा ऐकली आहे, की वर्गात मुलांना समीकरण शिकवताना मधेच आठवते. तिथे अर्धे लोक जुन्या देवांचे, अर्धे नव्याचे. मारामारीची वेळ आली. शेवटी सगळ्यांनी मिळून निकाल एका शहाण्या माणसावर सोपवला. "तो होता जुन्या देवाचा, बरं का. तो गेला, तोंडावरून चादर घेतली अन् दिवसभर, रातभर तसाच पडून राहिला. कोणी बोलाचं नाही. दुसऱ्या दिवशी उठला अन् म्हणाला, सगळ्याइनं नवा धर्म घ्या. पण कोणी घरात चोरून जुन्या देवाले काही वाहलं, अन् साक्षीदार नसन, तर गुन्हा नाही." इथे ते थांबायचे आणि बोट वर करायचे. "अन् बाप्तिस्म्याले लोक थंड्या पाण्यात उतरत नव्हते. म्हणे, आमाले गरम पाणी पायजे. नेलं मंग गरम झऱ्यावर." यावर काकू आतून म्हणायच्या, "त्याइले अक्कल होती."

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेराव्याला शामराव खुर्चीवर बसून होते, कोणालाही लिथुनिया न सांगता. देवळीवर निळा पडदा आला. गल्लीनं धरलं, की त्या घरातला देवांचा कारभार आता संपला. भिंतीतून आवाज येणंही बंद झालं. खरं सांगतो, मला त्याचा त्रास झाला. सकाळी सात वाजले हे मला कळेना.

एक नवी सवय मात्र लागली. रोज सकाळी ते आमच्या कुंपणावरून हात घालून एक जास्वंद तोडायचे. मी बघितलं, तर म्हणाले, "तेलात टाकाले. केसाले चांगली राहते." शामरावांच्या डोक्यावर माझ्या लहानपणापासून केस नाहीत. मी हे आईला हसत सांगितलं. आई हसली नाही. कुंड्यांना पाणी घालताना ती जास्वंदीला एक तांब्या जास्त घालू लागली, एवढं माझ्या लक्षात आलं.

या मे महिन्यात त्यांचा मुलगा विलास पुण्याहून आला. शामरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्यात ऑपरेशन करायचं आणि दीड महिना तिथेच ठेवायचं, असं ठरलं. विलास चांगला मुलगा आहे. पुण्यात राहून त्याचा 'ले' जाऊन 'ला' आला, एवढंच. आवराआवर करताना त्यानं देवळीचा पडदा बाजूला केला आणि सरळ मनानं म्हणाला, "बाबा, तुम्ही तर मानत नाही. घर बंद राहणार. हे देव पिंपळाखाली ठेवून येऊ का?"

शामराव आत गेले. आतून एक चादर आणली, त्यांच्या मागावरून उतरलेली शेवटची. कॉटवर आडवे झाले आणि डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढून घेतली. नागपूरचा मे, बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि कूलर विलासनं पाणी काढून आवरून ठेवलेला. दुपार झाली, जेवण नाही. संध्याकाळी विलास माझ्याकडे आला. "दादा, बाबा ऑपरेशनला घाबरले वाटतं. तुमचं ऐकतील."

हे ऑपरेशनचं नव्हतं. मला आइसलँडचा तो माणूस, त्याची ती चादर, सगळं पाठ होतं. मी विलासला म्हटलं, उद्या सकाळपर्यंत थांब.

सकाळी शामराव उठले. घामानं बनियन अंगाला चिकटलेलं. निकाल त्यांनी विलासला उभ्यानंच सांगितला. "देव राहू दे. युरोपात जुने देव म्युझियमात ठेवतात. हे म्युझियम आहे." विलास बरं म्हणाला. म्युझियमाविरुद्ध त्याची काही तक्रार नव्हती. तो रिक्षा बघायला गेला, तसा शामरावांनी दाराला कडी लावली आणि पडदा बाजूला केला.

पाचही देव लखलखीत होते. समोर आमची जास्वंद होती.

"मास्तर," ते म्हणाले, "मी मानत नाही. आजही नाही. पण ती दवाखान्यात मले म्हणाली, माझ्यामागं याइले आंघोळ कोण घालीन? मी म्हटलं, मी काहून घालीन? हेच म्हटलं गा तिले, शेवटचं." ते थोडा वेळ पडद्याची कड नीट करत राहिले. "आता रोज घालतो. तिच्या वाटचं भांडणबी मीच भांडतो, हळू आवाजात. घरात दुसरं बोलाले कोणी नाही."

त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली.

"आमच्या लोकाइले सांगितलं, तर चौकात माझा भोंगा लावतीन. तू पूजा नको करू, हात नको जोडू. तुमच्या बावीस प्रतिज्ञेत बसत नाही, मले माहीत आहे. फक्त आंघोळ. अन् तू साक्षीदार नाही."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी ती घेऊन घरी आलो आणि आईसमोर धरली. ज्या घरातून देवांचं टोपलं विहिरीत गेलं, त्या घरातला मुलगा देवांना आंघोळ घालणार, हे तिला कसं सांगावं, याची वाक्यं मी जुळवत होतो. आईनं किल्ली बघितली.

"हात जोडायचे नाही," ती म्हणाली. "आंघोळीचं काय, भांडे तर घासतोसच. कमलाबाई माझ्या बाळंतपणात दीड महिना आपल्या घरी येऊन तुले आंघोळ घालत होती." आणि ती जास्वंदीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कुलूप उघडलं. देवांना ताम्हणात काढलं, आंघोळ घातली, पुसलं, परत ठेवलं. हात जोडले नाहीत. फूल ठेवत होतो, तेवढ्यात पुण्याहून फोन आला.

"मास्तर, काय करून राहिला?"

"काही नाही काका."

"हं. तसंच म्हणजो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाणी कोणतं घेतलं?"

"नळाचं."

"नळाचं म्हणजे टाकीचं?" शामरावांचा आवाज एकदम चढला. भिंतीतून यायचा, अगदी तसा. "मे महिन्यात टाकीचं पाणी घेते काय कोणी? पोळलं असन ना गा त्याइले. रांजणातलं घे. ती उन्हाळ्यात रांजणातलंच घेत होती."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. मग रांजणात गडू बुडवला आणि पाचही जणांना पुन्हा आंघोळ घातली.